एक खांब पळायचं

"खड्डा!" पळता पळता मी ओरडले आणि डावा हात खाली करून बोट दाखवलं.

रंकाळा तलावाच्या वाटेवर माझ्या पुढं चाललेल्या शेजारच्या वत्सलाकाकू वळून खो खो हसल्या. "अगं, मागं कोण आहे तुझ्या? कुत्रंसुद्धा नाही!"

खरंच कुणी नव्हतं. बारा वर्षं ग्रुपबरोबर सायकल चालवली. पुढच्यानं मागच्यांना खड्डा दाखवायचाच, ही सवय पन्नाशीत पळायला लागले तरी सुटली नव्हती. छाती सायकलनं भक्कम केलेली. पहिल्या दिवशी दम लागेना म्हणून सुसाट सुटले. दुसऱ्या दिवशी नडग्या अशा ठणकल्या, की जिना बसून उतरले. मग वाटेवरचे दिव्याचे खांब मोजत मुकाट्यानं सुरू केलं: एक खांब पळायचं, एक खांब चालायचं. एवढी सायकलवाली मी, आणि साडीवर बूट घालून चालणाऱ्या काकू रोज मला मागं टाकायच्या! वर म्हणायच्या, "ये सावकाश."

राग यायचा. तरी नडग्यांना विचारूनच पळायचा एकेक खांब वाढवत गेले. दिवाळी गेली, थंडी सरली.

आज खांब येत होते, जात होते, मी चालायला थांबतच नव्हते. तलावाची अख्खी फेरी पुरी होत आली. तोच जुना खड्डा दिसला आणि हात आपोआप खाली गेला. "खड्डा!"

मागून काकू धापा टाकत ओरडल्या, "बघितला गं बाई, बघितला! जरा सावकाश पळ की!"