पांढऱ्या कपाळाचा

"सात," तात्या म्हणाले आणि दुर्बिणीवरून बाजूला झाले. "डावीकडून दुसरा बघ. जरा लहान आहे. कपाळ पांढरं."

मालतीने डोळा लावला. धरणाच्या पलीकडच्या काठावर, ओल्या गवतात पट्टकदंब हंस चरत होते. डोक्यावरचे दोन काळे पट्टे इथूनही स्वच्छ दिसत होते. तिने मोजले. सहा. मग उजवीकडून मोजले. सहाच, आणि सगळे पट्ट्यांचे. डावीकडच्या पहिल्यानंतर एका हंसापुरती जागा होती. तिथे नुसतं गवत.

"दिसला?"

"थांबा हो तात्या. ऊन येतंय डोळ्यावर."

ऊन पाठीमागे होतं.

पांढऱ्या कपाळाचा हंस कर्जत-खालापुरात आजवर कुणी पाहिला नव्हता. असा पक्षी दोघांनी पाहिला तरच पक्षीनिरीक्षकांच्या गटाच्या यादीत घ्यायचा, हा नियम तात्यांचाच. गेल्या थंडीत त्यांनी खताची पांढरी गोणी करकोचा म्हणून नोंदवली, तेव्हापासून गटात सगळ्यांना या नियमाची फारच आठवण यायला लागली होती.

"तुलाही नाही दिसला ना, तर ही दुर्बीण केयूरला देऊन टाकतो," तात्या म्हणाले. "गोण्या काय, घरबसल्याही दिसतात."

मालतीचा फोन वाजला. केयूरच होता. मोहोपाड्याला कारखान्यात नोकरी करून गटाची यादी तो ठेवायचा.

"मावशी, तात्यांचा मेसेज आलाय. मी त्यांना विचारत नाहीये, तुम्हाला विचारतोय. तुम्ही पाहिला?"

तात्या धरणाच्या भिंतीवरचं शेवाळ बघत होते. दुर्बिणीचं झाकण त्यांच्या बोटांत नुसतं फिरत होतं.

"पाहिला," मालती म्हणाली.

"नक्की?"

"लहान आहे. कपाळ पांढरं. अजून काय सांगू, नाव-गाव?"

फोन ठेवून तिने वही काढली. एकवीस वर्षांत या वहीत तिने एक चिमणीसुद्धा वाढवून लिहिली नव्हती. तिने सहा पट्टकदंब लिहिले, खाली पांढऱ्या कपाळाचा एक लिहिला, आणि शाई वाळायच्या आत वही मिटली.

"चल, चौकला भजी खाऊ," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज दहा वर्षांनी लहान झाला होता. ते पाठमोरे होऊन दुर्बिणीच्या तिकाटण्याचे पाय मिटायला बसले.

मालतीने गळ्यातली छोटी दुर्बीण उचलली. उगाच.

पाण्यावरून भिंगरी पक्ष्यांचा थवा आला होता. गवताला पोट घासत, किडे टिपत त्या सरळ हंसांच्या मधून जात होत्या. एवढ्याशा फटीतूनही जात होत्या. फक्त डावीकडच्या त्या मोकळ्या जागेपाशी आली की प्रत्येक भिंगरी झटकन वर उठायची आणि पलीकडे जाऊन पुन्हा खाली यायची. मालती बघत राहिली. वीस गेल्या, तीस गेल्या. त्या जागेतून एकही गेली नाही.

मग हंस चरायचे थांबले. सहाही माना त्या जागेकडे वळल्या.

"तात्या," ती म्हणाली.

"आलो गं. हा एक पाय अडकलाय."

हंस उठले. ओरडले नाहीत. पाण्यावर एक फेरी मारून त्यांनी बाणाचा आकार धरला, या अंगाला तीन, त्या अंगाला तीन. टोकाला कुणी नव्हतं.

टोक माथेरानकडे वळलं. मग त्याच्यामागून सहाही वळले.