वळणावरचं पेट्रोल

"सांगा याला, तुमच्या पेट्रोलमध्ये काय घालता ते," शिंपीमास्तर पंपाच्या मॅनेजरला म्हणाले.

"काही घालत नाही हो," मॅनेजर म्हणाला. हा प्रश्न विचारणारी माणसं सहसा भांडायलाच येत.

"घाबरू नका. मी कौतुक करतोय."

मॅनेजर आणखी घाबरला.

मास्तरांच्या मागे त्यांचा मेहुणा हाताची घडी घालून उभा होता. तो लोकांचं सामान टेम्पोतून पोचवायचा. आज त्याच्याच टेम्पोत बसून मास्तरांनी त्यालाच इथे ओढून आणलं होतं. निघताना बायकोला सांगून आले होते, "आज त्या पंपावरच नेऊन तुझ्या भावाचं तोंड कायमचं बंद करतो."

मास्तरांचं दुकान मुख्य रस्त्यावर, आणि दुकानाच्या समोरच जुना पंप. वर्षानुवर्षं मास्तर तिथेच टाकी भरायचे आणि गाडी फार पिते म्हणून रडायचे. मग मागच्या रस्त्यावर, वळणावर, दुसऱ्या कंपनीचा हा पंप निघाला. मास्तरांनी सहज इथे टाकी भरली आणि नवल घडलं. किलोमीटरचे आकडे पळत होते, पण पेट्रोलचा काटा जागचा हलायचं नाव घेईना. गाडीचं अॅव्हरेज जवळजवळ दुप्पट झालं.

तेव्हापासून ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या बायकांनाही मास्तर पेट्रोल शिकवू लागले. तोंडात टाचण्या धरून सांगत, "पेट्रोल कापडासारखं असतं. दुकानात सगळं सारखंच दिसतं. एका धुण्यात लायकी कळते."

मेहुण्याला ते पटलं. तो रोज वाट वाकडी करून वळणावरच्या पंपावर येऊ लागला. त्याच्या टेम्पोचं अॅव्हरेज तसूभर वाढलं नाही. उलट येण्याजाण्यातच पेट्रोल जळू लागलं. शेवटी तो मास्तरांच्याच घरी, जेवताना, सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊजी, तुम्ही थापा मारता."

मास्तर ताटावरून उठले. गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड चिंध्यांसकट परत करणारा माणूस तो. कपडा ढगळ झाला म्हटलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. थाप हा शब्द त्यांना गिळता आला नाही. त्या दिवसापासून मेहुण्याचं येणं थांबलं. मास्तरांच्या बायकोने दोघांची समजूत घालून पाहिली. मग तीही गप्प झाली. भावाचा विषय निघाला की भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच.

आता मॅनेजर चाचरत बोलत होता. "साहेब, प्रत्येक कंपनी थोडाफार वेगळा मसाला घालते. इंजिन स्वच्छ राहतं त्याने. पण अॅव्हरेज दुप्पट? तसं असतं तर मी जाहिरात नसती केली?"

"म्हणजे मी खोटारडा," मास्तर म्हणाले.

"तसं नाही म्हणत मी," मेहुणा म्हणाला. त्यालाही आता कसंतरी वाटत होतं. "पण जमत नाही ना गणित, भाऊजी."

तेवढ्यात मास्तरांची पांढरी गाडी वळणावरून आत शिरली. गाडी एका दमात येऊन मशीनशेजारी अशी उभी राहिली, की मास्तरांना तेवढ्यासाठी दोनदा मागेपुढे करावं लागलं असतं. काच खाली गेली. आत त्यांची बायको होती.

पेट्रोल भरणारी मुलगी हसत पुढे आली. "काकू, आज लवकर? रोजच्यासारखंच ना?"

"आज नको," ती म्हणाली.

लग्नाआधी ती वडिलांच्या बेकरीची गाडी चालवायची. मास्तरांनी गाडी घेतली तेव्हा तिने किल्ली मागितली होती. मास्तर म्हणाले होते, "गाडी कात्रीसारखी असते. एकाच हाताची असावी. दुसरा हात लागला की धार जाते." तिने वाद घातला नव्हता. दुकानातून दिसणार नाही असा पंप निघायची वाट पाहिली होती.

"दुपारी तुम्ही दुकानात असता," ती आता म्हणाली. "मी गाडी काढते. जेवढं जाळलं तेवढं भरून ठेवते."

जेवढ्याला तेवढं भरणं तिला जमलं नसणार, हे भावाला माहीत होतं. वाटीभर उसनी साखर आणली तर परत करताना ती शीग लावून देणारी बाई. त्याने मनातल्या मनात गणित पुन्हा मांडलं. ते जमलं. तो टेम्पोकडे तोंड करून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

"रोज जातेस कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"कुठेच नाही. नदीपर्यंत जाते. काच खाली करते. परत येते."

"मला सांगायचं नाही?"

"सांगणार होते. पण तुम्ही येईल त्याच्यापाशी कौतुक करत होतात, गाडी आताशा कशी छान चालते म्हणून. ऐकायला बरं वाटायचं." ती थांबली. "मग हा घरी यायचा बंद झाला."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मास्तर सवयीने उजव्या दाराकडे गेले. ती जागची हलली नाही. ते क्षणभर तिथेच उभे राहिले, मग गाडीला वळसा घालून डावीकडे आले. आपल्याच गाडीत डावीकडच्या सीटचा पट्टा कुठे असतो हे त्यांना सापडेना. तिने तो ओढून लावून दिला.

मास्तरांनी काच खाली केली. मेहुण्याकडे न बघता म्हणाले, "रविवारी जेवायला ये. टेम्पो आणू नकोस. तुझ्या ताईला पाठवतो घ्यायला. तिचं अॅव्हरेज चांगलं आहे."