बाथमधलं पाणी

अनुराधाने व्हिनेगरची दुसरी बाटलीही बाथमध्ये उपडी केली आणि गंजाचा डाग हलतोय का, ते बघायला ती खाली वाकली.

बाथ जुना, बिडाचा, वर पांढरं इनॅमल चढवलेला. गळक्या नळाखाली वर्षानुवर्षं तांबूस ओघळ धरला होता. चार वाजता एजंट फोटो काढायला येणार होता. घर विकायचं ठरलं होतं, आणि घरासोबत संसारही मिटवायचा ठरला होता. बाथमध्ये वीतभर पाणी आधीपासूनच होतं. देवव्रतने बूच काढलं नसेल, असं तिने धरलं. आंघोळीचं पाणी तसंच तुंबवून निघून जायची नवऱ्याची सवय तिला सात वर्षं ठाऊक होती. सर्दीने तिचं नाक चोंदलेलं होतं. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटचा जूनमधला गारठा, म्हणून खिडकी घट्ट लावलेली.

आधी डोळे झोंबले. मग घसा असा आवळला की खोकलाही अर्ध्यावर अडकला. भिंत चाचपत ती बाहेर आली, स्वयंपाकघरापर्यंत पोचली आणि ओट्यावरचं पातेलं पाडत खाली बसली.

देवव्रत शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढत होता. खोकला त्याने ऐकला होता, पण सर्दीचा असेल म्हणून तो उतरला नाही. हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. पातेलं पडल्यावर मात्र तो आला. दंडाला धरून त्याने तिला मागच्या पायरीवर आणून बसवलं. टेकल्या टेकल्या तिने त्याचा हात झटकला.

"काय ओतलंस त्यात?"

"व्हिनेगर."

"ब्लीच होतं ते. मी लिहून ठेवलं होतं."

लिहून ठेवलं होतं, हे खरं होतं. चार महिने दोघांचं बोलणं फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांपुरतं उरलं होतं, आणि गेल्या पंधरवड्यापासून अनुराधाने त्या वाचणंही सोडलं होतं. त्याचं अक्षर दिसलं की कागद चुरगाळून डब्यात. सकाळची चिठ्ठीही तिथेच गेली होती.

त्याने श्वास रोखून एकदाच आत जाऊन बाथरूमची खिडकी ढकलली, दारं सताड उघडी टाकली आणि फोन घेऊन बाहेर आला. विषबाधेच्या हेल्पलाइनवरच्या नर्सचं त्याने सगळं ऐकून घेतलं आणि जसंच्या तसं अनुराधाला सांगितलं. ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की विषारी वायू सुटतो. मोकळ्या हवेत बसायचं, आडवं व्हायचं नाही. वास पुरता जाईपर्यंत कुणी आत जायचं नाही. आणि तासभर बोलत राहायचं. आवाज बसला किंवा वाक्य पुरं करताना धाप लागली, तर लगेच अँब्युलन्स.

"बोल," तो म्हणाला.

"तुझ्याशी?"

"आवाज ऐकायला सांगितलाय. काहीही बोल."

कुंपणाकडे बघत तिने सुरुवात केली ती ब्लीचपासूनच: विचारल्याशिवाय ओतायचं, विचारल्याशिवाय ठरवायचं. तिथून दोन वर्षं मागे जायला तिला वेळ लागला नाही.

तिचे वडील सांगलीला आयसीयूत होते, तेव्हा तिचा पासपोर्ट रेसिडेन्सीच्या अर्जासोबत इमिग्रेशनकडे पडला होता. तो मागूनही मिळत नाही, असं देवव्रतने तिला सांगितलं होतं. फेब्रुवारीत घराचे कागद शोधताना फायलीत तिला एक पत्र सापडलं. अर्जदाराने कळवल्यास पासपोर्ट तात्काळ परत पाठवू, असं त्यात लिहिलं होतं. देवव्रतने कळवलंच नव्हतं.

"फाइल मागे पडली असती," तो म्हणाला. "सहा महिने. कदाचित वर्षभर."

"पडू द्यायची होतीस."

ओल्या गवतावर त्याची शिडी आडवी पडली होती, ती उचलायला म्हणून तो उठला आणि परत बसला.

"तू गेली असतीस तर परत आली नसतीस," तो म्हणाला.

"आता तरी कुठे राहतेय मी?"

तिच्याकडे बोलायला पुष्कळ होतं. बाबा नऊ दिवस आयसीयूत होते, आणि तिथेच गेले. रोज रात्री आईचा फोन यायचा, आणि तेव्हा शेजारच्या खोलीत देवव्रत जागा असायचा. ती एकेक दिवस घेऊन सांगू लागली: त्या दिवशी आई काय म्हणाली, बाबांनी काय विचारलं, आणि तिने पासपोर्टचं कारण कसं सांगितलं. आवाज घोगरा होता, पण बसला नाही. तो ऐकत होता, कारण ऐकायला सांगितलं होतं.

तीनच्या सुमारास वास गेला. देवव्रतने आत जाऊन बूच काढलं, नळ सोडून बाथ तीनदा धुतला आणि मग खायच्या सोड्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब मिसळून मऊ फडक्याने डाग घासायला घेतला. इनॅमलला याहून जास्त काही लागत नाही. आंबट तर मुळीच नाही. अनुराधा रबरी चपला घालून गवतातून फिरून आली आणि उघड्या खिडकीबाहेर उभी राहून बोलत राहिली.

थोड्या वेळाने तो फडकं पिळून उभा राहिला.

"तास होऊन गेला," तो म्हणाला. "आवाज ठीक आहे तुझा."

"घासत राहा," ती म्हणाली. "अजून पाचवाच दिवस झालाय."