ज्याला तो दिसेल

बायकोने दोनच कप चहा गाळला. एक सासूपुढे ठेवला, दुसरा स्वतः घेतला आणि वाळलेल्या टॉवेलांची चळत तिसऱ्या खुर्चीवर ठेवायला वळली. त्या खुर्चीवर तो बसला होता. चपळाईने उठला म्हणून बरं, नाहीतर टॉवेल मांडीतच आले असते.

तक्रार करायला तोंड नव्हतं. हा नियम त्याचाच होता.

वीस वर्षं त्याने पडद्यावर दारं उघडली होती, ट्रे धरले होते, दोनदा प्रेत म्हणून पडूनही राहिला होता. पन्नाशीला टेकल्यावर पहिली मुख्य भूमिका मिळाली, तीही भुताची. मेलेला पोलीस तपासनीस. माणसांमधून हिंडतो, पण कुणाला दिसत नाही. दिसतो फक्त गुन्हेगाराला. खोलीत दहा माणसं असोत, ज्याची नजर त्याच्यावर पडली तो सापडला. ना पिस्तूल, ना पाठलाग.

पण न दिसणारा माणूस वावरतो कसा, ते त्याला जमेना. मग त्याने घरात जाहीर केलं, "मालिका चालू आहे तोवर माझ्याकडे बघायचं नाही. बोलायचं नाही. मी पण काही विचारणार नाही, कशाला मदत करणार नाही. मी इथे नाहीच."

"आणि आजारी पडलास तर?" आईने विचारलं.

"भूत आजारी पडत नाही."

आईला काही ते साधलं नाही. ती भिंतीशी बोलायची. "कुणाच्या तरी मुलाने स्वेटर घातला असता तर बरं झालं असतं." बायकोने मात्र चार महिन्यांत एकदाही चूक केली नाही. जिन्यात समोरासमोर आली तरी तिची नजर त्याच्या आरपार जायची. स्टुडिओत तो सगळ्यांना सांगायचा, "माझी खरी तालीम घरी होते. अशी बायको मिळायला नशीब लागतं."

एकदा भाजी चिरताना तिचं बोट कापलं. रक्त ओट्यावरून खाली ठिबकलं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. हलला नाही. एका हाताने आणि दातांनी ती पट्टी कशी बांधते, ते बघत राहिला. पुढच्या आठवड्यात तसाच एक प्रसंग चित्रित झाला आणि दिग्दर्शकाने त्याची पाठ थोपटली. त्या दिवसांत रात्री ती जेवणाच्या टेबलावर तासन् तास लिहीत बसायची. ऑफिसचं काम असेल. त्याने विचारलं नाही, कारण भूत विचारत नाही.

मालिका दर गुरुवारी संध्याकाळी लागायची. पेपरात एका समीक्षकाने लिहिलं, इतकी साधी आणि इतकी अंगावर येणारी मालिका बऱ्याच वर्षांत झाली नाही, चुकवू नका. ते कात्रण तो पाकिटात बाळगायचा.

तीन आठवड्यांपूर्वी वाहिनीच्या व्यवस्थापकाने त्याला बोलावून घेतलं. आठ भाग तयार होते, नववा होणार नव्हता. प्रेक्षकांची पत्रं आली होती. मालिका बंद करा.

त्याने घरी ताकास तूर लागू दिली नाही. रोज सकाळी बॅग घेऊन निघायचा आणि सार्वजनिक वाचनालयात जुनी मासिकं चाळत बसायचा. नोकरीचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी लाज दुसरी होती. त्या बाईने चार महिने नवरा असून नसल्यासारखे काढले. कशासाठी? आठ भागांसाठी? हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

गुरुवार उजाडला. आठवा भाग. संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर बसली, तो नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या स्टुलावर. भाग उत्तम झाला होता. गुन्हेगार निघाली ती सगळ्यात सज्जन वाटणारी शेजारीण. तिने मान वर केली, थेट भुताकडे बघितलं आणि शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या.

"आता पुढच्या गुरुवारी काय होतंय बाई," आई भिंतीला म्हणाली.

तो उभा राहिला.

"पुढचा गुरुवार नाही. मालिका बंद झाली."

नियम मोडला होता, तरी कुणी वळलं नाही. बायको टीव्हीकडे बघत होती. सवय, दुसरं काय.

"तीन आठवडे झाले," तो म्हणाला. "सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझी आहे. तुम्ही एवढं सोसलं, ते फुकट गेलं."

"अरे, पण बंद का केली?" आई भिंत विसरली, तरी बघत जमिनीकडेच होती.

"पत्रं आली. पोरं घाबरतात, म्हाताऱ्यांना झोप येत नाही, बंद करा. नावं वेगळी, पत्ते वेगळे. पंचेचाळीस पत्रं! व्यवस्थापक म्हणाला, एवढी पत्रं कधी कुठल्या मालिकेला आली नाहीत."

"हात झडोत मेल्यांचे!" आई कडाडली. "कुणाच्या पोटावर पाय देतोय, एवढं तरी बघावं माणसाने."

बायकोने टीव्ही बंद केला. रिमोट टेबलावर सरळ रेषेत ठेवला. मग ती वळली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. नजर हलवली नाही.

"पंचेचाळीसच पोचली?" ती म्हणाली. "मी एकावन्न टाकली होती."