धीमहिच्या पुढे

‘धीमहि’पाशी गिरिधरराव थांबले. डोळे उघडून त्यांनी दारात उभ्या असलेल्या अरुंधतीकडे पाहिलं.

गायत्रीची शेवटची ओळ राहिली होती. आमच्या बुद्धीला तू चालना दे, असं मागणारी. तेवढी एकच ओळ रोज त्यांच्या ओठांशी येऊन माघारी जायची. अरुंधतीनं नजर खाली घातली आणि ती ओळ म्हणून टाकली. हळू, चोरी केल्यासारखी. वर पाहिलं तर नवऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

‘पोळी करपेल,’ असं काहीतरी पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली. तवा अजून ठेवलासुद्धा नव्हता.

लकव्यानं गिरिधररावांचा उजवा हात नेला आणि बोलणं नेलं. कापूस सगळा निघून जावा आणि सरकी तेवढी हातात राहावी, तसा एक शब्द राहिला. ‘ते.’ पाणी हवं असलं तरी ‘ते’, पंखा बंद करायचा तरी ‘ते’, ऋषीचा पुण्याहून फोन आला तरी त्या पोराला बापाकडून ‘ते’. मग बोलण्याचे व्यायाम घ्यायला श्वेता घरी येऊ लागली. तिनं विचारलं, ‘काकांना काही पाठ होतं का काकू? लयीतलं?’

‘गायत्री. रोज म्हणायचे.’

श्वेतानं नुसती सुरुवात करून दिली आणि गिरिधररावांच्या तोंडून दोन ओळी सलग उतरल्या. हुडकेश्वरच्या त्या घरात कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज उभा राहिला. अरुंधती भिंतीला टेकून रडली.

‘जुळवून बोलायचं गेलं, तरी घोकलेलं राहते कधीकधी,’ श्वेता म्हणाली. ‘आता ते अडतील तिथून तुम्ही पुढचं म्हणत जा. रोज. नाही तर हेही जाईल.’

‘मी?’

‘मग काय, मी रोज पहाटे येऊ?’

‘नाही गं. ह्यांना चालत नाही ते.’

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. कणीक मळता मळता नवी नवरी गायत्री गुणगुणत होती. गिरिधरराव न्हाणीतून ओलेत्यानंच बाहेर आले होते. ‘बायकांनी म्हणायचा नसतो तो मंत्र. माझ्या घरात पुन्हा ऐकू यायला नको.’ पुन्हा ऐकू आला नाही. रोज पहाटे भिंतीपलीकडून तो येत राहिला आणि भिंतीअलीकडे ती तो गिळत राहिली. ओठ मिटलेले, आत सगळं घुमत असलेलं. तिच्या जन्माची सवय होऊन गेली ती.

श्वेताला हे कुठून माहीत असणार! तिनं सरळ त्यांनाच विचारलं, ‘काका, काकूंनी म्हटलं तर चालेल ना?’

‘ते,’ गिरिधरराव म्हणाले.

‘घ्या! हो म्हणाले.’

हो म्हणाले की नको म्हणाले, हे अरुंधतीला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही. ते थांबत, तिच्याकडे बघत, ती म्हणत असे. त्या बघण्यात काय आहे ते तिला वाचता येत नव्हतं. मुक्या झालेल्या माणसाचा नियम आपण त्याच्या डोळ्यांदेखत मोडतो आहोत आणि त्याला ‘पुरे’ म्हणायचीही सोय नाही, एवढंच तिला वाटत राही. आज त्या डोळ्यांतून पाणी आलं. यापुढे नाही, तिनं ठरवलं. ऋषीला फोन लावला.

‘तुझ्या आवाजात गायत्री भरून पाठव, बेटा. तू म्हटलेलं चालेल बाबांना.’

‘तुला येते ना, आई? मग मी काहून?’

‘पाठव म्हटलं ना.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला तेव्हा ती शेजारच्या जिजाबाईंच्या अंगणात देवासाठी फुलं तोडत होती. ऋषीनं भरून पाठवलेला आवाज आला होता. तिनं तो उघडला नाही.

‘तोंड काहून उतरलं वं तुहं?’ जिजाबाई म्हणाल्या. ‘भाऊजी रागावले काय?’

‘रागवायला बोलता कुठं येतं त्यांना आता?’

‘बोलायले तोंड लागते. रागवायले डोये पुरतात वं माय! आमच्या बुढ्याचं पाह्य ना, तोंड चालूच राहते. त्याले एक दिवस तरी नुसतं ‘ते’ म्हणायले लाव.’

अरुंधती हसली. फुलं पदरात घेऊन घराकडे वळली.

फाटकापाशीच तिला गायत्री ऐकू आली. ‘धीमहि’ ओलांडून, शेवटची ओळ पार करून, शांतपणे संपलेली. ऋषीनं किती नीट म्हटली, असं तिच्या मनात आलं. मग मोबाईल तिला आपल्याच मुठीत दिसला.

ती जागीच उभी राहिली. आत पुन्हा सुरू झालं. आवाज म्हातारा होता, एका बाजूनं किंचित ओढलेला. पण कुठं अडला नाही. शेवटच्या ओळीवर तर तो जरा रेंगाळलासुद्धा, आवडीच्या घासावर रेंगाळावं तसा. तिसऱ्यांदा सुरू झाला तेव्हा तिनं दार ढकललं.

गिरिधररावांनी तिला पाहिलं. ‘धीमहि’ म्हटलं. मग डाव्या हातानं पलंगावर आपल्या शेजारची चादर सारखी केली, आणि तिची वाट बघत थांबले.