उरलेली अर्धी गोळी

लघवीची जळजळ थांबली की अश्विन गोळ्या बंद करायचा आणि उरलेलं पाकीट बिस्किटाच्या डब्यात टाकायचा. “पुढच्या खेपेले कामी येते,” म्हणायचा. खेपा वाढतच गेल्या. आज बालाघाटच्या डॉक्टरांनी सांगितलं, दरवेळी गोळ्या अर्ध्यावर सोडल्यानं त्याच्या लघवीतल्या जंतूंवर आता कुठलीच गोळी चालणार नाही. “भर्ती करना पड़ेगा.” त्याला तिथंच ठेवून त्याची बायको रचना कपडे न्यायला गावी, उकव्याला परतली. तो डबाच आधी फेकायचा, हे तिनं बसमध्येच ठरवलं. घरी तान्हं बाळ सासूबाईंच्या मांडीवर निजलं होतं. “शू करताना लय रडला. आंगही तपलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काय केलं, आई?” “काय करू? अश्विनच्या डब्यातली अर्धी गोळी मधात चाटवली. पाह्य कसा निजला.” तेवढ्यात दुपटं ओलं झालं आणि बाळ कळवळून किंचाळलं. “थांब रे राजा,” म्हणत सासूबाईंनी उरलेली अर्धी उचलली.