हातमोज्याचा साचा

या मायबाप, जवळ सरका. एका हातमोजेवाल्याची गोष्ट सांगतो. कागदी साचे सारखे फाटतात, म्हणून त्याने अ‍ॅक्रिलिकच्या शीटवर बायकोचा हात ठेवून कडेने आखला आणि बारीक पात्याच्या यंत्रकरवतीवर बोट न् बोट सावकाश कापलं.

शीटवर चिकटवलेला संरक्षक कागद सोलून त्याने पारदर्शक साचा उजेडात धरला, तर आत तळहाताच्या रेषा! ओरखडे असतील म्हणून पुसलं, घासलं. रेषा जागच्या हलेनात. आखली तर नुसती कड होती!

"अहो," शिवायला बसलेली बायको हसली, "आज सुई बोटांत ठरतच नाही. म्हातारी झाली वाटतं तुमची राणी."

"बघू हात."

तिने तळहात पुढे केला. त्यावर एकही रेष नव्हती, आणि त्याच्या आरपार तिच्या मांडीवर पडलेली सुई दिसत होती.

मायबाप, आपल्या माणसाचा हात हातात घ्याल, तेव्हा त्या माउलीची आठवण असू द्या.